घरात फळा नसतो तेव्हा

२०२४ च्या डिसेंबरातली संध्याकाळ होती. मी आणि माझी थोरली पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरच्या थांब्यावर पीएमपीच्या बसची वाट पाहत उभ्या होतो. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि चष्म्याच्या काचांवर धूळ बसली होती, म्हणून समोरून येणाऱ्या बसचा नंबर वाचून सांग, असे मी तिला म्हणाले. "येऊ दे ना जवळ, मग सांगते," ती म्हणाली. बस सिग्नलला थांबलेली होती आणि तिच्या कपाळावरचे केशरी आकडे मला त्या धुळकट काचेतूनही दिसत होते. मी पुन्हा विचारले, तेव्हा तिने डोळे बारीक करून पाहिले आणि अगदी सहज म्हणाली, "आई, एवढ्या लांबचे कुणालाच दिसत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला शाळेतून काढून दीड वर्ष झाले होते. तिसरीची परीक्षा झाल्यावर, पुष्कळ विचार करून, सासूबाईंची नाराजी आणि नातेवाइकांचे प्रश्न पचवून आम्ही तिला घरी शिकवायचा निर्णय घेतला होता, आणि त्या दीड वर्षात तिचे गणित, तिचे वाचन, तिची चित्रे यांकडे मी डोळ्यांत तेल घालून लक्ष दिले होते. तिच्या डोळ्यांकडे मात्र माझे लक्ष गेले नव्हते. घरात सगळे हातभर अंतरावर असते. पुस्तक मांडीवर, वही टेबलावर, मी शेजारच्या खुर्चीवर. लांबचे वाचायची वेळ तिच्यावर दिवसातून एकदाही येत नव्हती. मला स्वतःला चष्मा लागला तो चौथीत, आणि तो घरच्यांच्या नव्हे तर बाईंच्या लक्षात आला होता. फळ्यावरची बेरीज मी चुकीची उतरवून घेतली, तेव्हा त्यांनी मला पहिल्या बाकावर आणून बसवले आणि डायरीत चिठ्ठी लिहून दिली. ज्या घरात आईला लहानपणापासून मायनस नंबर आहे, त्या घरातल्या मुलांना तो लागण्याची शक्यता अधिक असते, हे ठाऊक असूनही मी ते मनावर घेतले नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी बाहुली मोठी करणारे थेंब घातले. लहान मुलांच्या डोळ्यांतल्या भिंगाचा स्नायू जवळचे पाहण्यासाठी सतत आवळलेला राहू शकतो, त्यामुळे थेंब न घालता यंत्रावर काढलेला नंबर कित्येकदा खरा नंबर नसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. तासाभराने पुन्हा तपासणी झाली आणि दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन निघाला. म्हणजे निदान वर्षभर तरी तिला लांबचे धूसर दिसत असावे, असे ते म्हणाले. नवा चष्मा लावून घरी आल्यावर ती बाल्कनीत बराच वेळ उभी होती. मग आत येऊन तिने मला सांगितले की, समोरच्या इमारतीतले जे आजोबा रोज पेपर वाचत बसतात, त्यांच्या हातात घड्याळ असते. तीन वर्षे ती त्या आजोबांना रोज पाहत होती.

मुलाला शाळेतून काढताना आपण अभ्यासक्रमाचा विचार करतो, मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची माहिती काढतो, मित्रमैत्रिणींचे काय, खेळाचे काय, हे सगळे कागदावर मांडतो. पण शाळा केवळ शिकवत नसते. ती मुलांच्या शरीरावरही नजर ठेवून असते, आणि ते काम इतके मुकाट्याने चाललेले असते की ते बंद पडल्याचे कुणाला कळतही नाही. माझे आजही होमस्कूलिंगवर मनापासून प्रेम आहे, मुलांना परत शाळेत घालण्याचा विचार नाही, आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटते. ती नजर आपल्या घरात कुणाची, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्याही आधी सोडवायला हवा होता असे मला वाटते.

थोरलीचे जुने प्रगतिपुस्तक मी त्या आठवड्यात कपाटातून काढले. ती अनुदानित मराठी शाळेत होती. गुणांच्या रकान्यांखाली उंची आणि वजन यांचे रकाने होते आणि ते दर सत्रात भरलेले होते. मी सही करताना त्याकडे कधी पाहिलेही नव्हते. त्याच पुस्तकात तपासणीच्या पथकाने दिलेला कागद घडी घालून ठेवलेला सापडला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याअंतर्गत डॉक्टरांचे फिरते पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, तर अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येते. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची किंवा लोहाची कमतरता आणि वाढीतला विलंब, या चार गोष्टी ते पाहतात. माझ्या धाकट्याने बालवाडीनंतर शाळेची पायरीच चढलेली नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला असे पथक कधी आलेच नाही.

मग लसीकरणाचे कार्ड काढले. धाकट्याचा पाचव्या वर्षीचा त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरच्या लसीचा) बूस्टर झालेला होता, कारण बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी पुढची तारीख कार्डावर लिहून दिली होती. थोरलीला मात्र दहा वर्षे पूर्ण झाली की टीडीची लस द्यायची असते, आणि तिचा रकाना कोराच राहणार होता. ही लस धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची आहे. पूर्वी या वयात नुसती धनुर्वाताची टीटी देत असत, पण बाळपणीच्या लसींचे घटसर्पावरचे संरक्षण वाढत्या वयात ओसरत जाते, म्हणून आता टीटीच्या जागी टीडी आली आहे. दहा आणि सोळा या दोन वयांना ती मिळते. पाचवीच्या आणि दहावीच्या वर्गांत आरोग्य खात्याची माणसे येऊन ती टोचून जातात, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. आम्ही ती महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन घेतली. ती तिथे मोफत मिळते. नर्सबाईंनी शाळा कोणती ते विचारले, ती घरी शिकते असे मी सांगितले, त्यांनी मान डोलावली आणि कार्डावर शिक्का मारला.

जंताच्या गोळीची गोष्ट मात्र इतकी सोपी झाली नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला असतो. त्या दिवशी शाळांमधून आणि अंगणवाड्यांमधून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, दोन वर्षांखालच्या बाळांना अर्धी. शाळेत नाव नसलेल्या मुलांनी ती अंगणवाडीत घ्यायची असते. मी दोघांना घेऊन आमच्या मागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत गेले. सेविकाताई फार आपुलकीने बोलल्या. गोळी घरी नेऊ देत नाहीत, समोर चावून खायची, असे सांगून त्यांनी आधी धाकट्याला आणि मग थोरलीला गोळी दिली, पाणी दिले, आणि दोघांची नावे रजिस्टरात लिहिताना शेजारच्या मदतनीसताईंना म्हणाल्या, "शाळाबाह्य मध्ये टाक."

थोरली घरी येईपर्यंत काही बोलली नाही. चपला काढताना तिने विचारले, "आई, मी शाळाबाह्य आहे का?"

मी तिला खरे तेच सांगितले. शाळाबाह्य हा सरकारी कागदावरचा शब्द आहे, तो वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, घरची धुणीभांडी करणाऱ्या मुलांसाठी काढलेला आहे, ज्यांना शिकायचे असूनही शिकता येत नाही. त्या मुलांना शोधून काढून त्यांच्यापर्यंत गोळी, लस आणि पुस्तके पोचावीत म्हणून तो लिहावा लागतो. त्यांच्या यादीत आपले नाव आले यात कमीपणा काहीच नाही. पण आपल्याला आई-बाबा, पुस्तके आणि दवाखाना हे सगळे हाताशी आहे, हे आपण विसरायचे नाही. ती बराच वेळ विचार करत होती. ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची तिने आपणहून आठवण करून दिली.

अंगणवाडीतल्या ताईंनीच मला लोहाच्या गोळ्यांबद्दल सांगितले. आठवड्यातून एकदा, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना निळी. आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेऊ म्हटले. थोरलीचे हिमोग्लोबिन ११.१ आले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ते ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. घरात पालेभाजी, नाचणी, खजूर सगळे असूनही हे कसे, असे मला वाटले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चहाचा. सकाळच्या पोळीबरोबर ती अर्धा कप चहा घ्यायची, आणि चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. चहा बंद झाला, जेवणात लिंबाची फोड आली, तीन महिने औषध झाले.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर घरी शिकणाऱ्या मुलांच्या घरोघरी जे चालते तेही लिहिते. शाळेत घंटा असते. मधली सुट्टी झाली की डबा उघडायचा आणि घंटा झाली की बंद करायचा. घरात घंटा नसल्यामुळे आमची मुले सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत काही ना काही तोंडात टाकत असत. कधी चुरमुरे, कधी बिस्किट, कधी शेंगदाणे-गूळ, आणि मग दुपारच्या ताटावर भूक नाही. प्रत्येक पदार्थ चांगला आहे म्हणून मी बोलत नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी धाकट्याच्या दोन दाढा किडलेल्या दाखवल्या आणि सांगितले की, किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याचा दातांशी अधिक संबंध असतो. दर खाण्यानंतर तोंडात आम्ल तयार होते आणि ते निवळायला लाळेला वेळ लागतो, तेवढी उसंतच या मुलाच्या दातांना मिळत नाही.

यावर उपाय सासूबाईंनी सुचवला, ज्यांना आमचे होमस्कूलिंग मुळातच पसंत नव्हते. त्या म्हणाल्या, शाळा सोडली म्हणून डबा कशाला सोडायचा? त्या आठवड्यापासून सकाळी साडेसातला, पोळ्या झाल्या झाल्या, दोघांचे जुने स्टीलचे डबे भरले जातात. एका कप्प्यात पोळी-भाजी किंवा थालीपीठ, दुसऱ्यात फळ किंवा उसळ. साडेदहाला तो डबा उघडायचा, एक वाजता जेवण, मध्ये फक्त पाणी. डबा भरायचा म्हणून माझाही स्वयंपाक लवकर आटोपू लागला आणि सकाळचे दोन तास मुलांबरोबर शांतपणे बसायला मिळू लागले. या एका गोष्टीने आमच्या घराला जेवढी शिस्त लागली तेवढी कुठल्याही वेळापत्रकाने लागली नव्हती, आणि सासूबाईही त्या दिवसापासून या प्रयोगात आमच्या बाजूने आल्या. थोरलीला भाकरी थापायला त्याच शिकवतात.

आई आजारी पडली तर काय, हा प्रश्न आमच्यासारख्या प्रत्येक घरात असतो आणि तो कुणी आधी विचारत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा मी त्यात सापडले. ताप चार दिवसांत उतरला, पण मनगटे आणि घोटे दोन महिने धरलेले होते. सकाळी पलंगावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे आणि पोळपाट-लाटणे तर हातात धरवतच नसे. शाळेत जाणाऱ्या मुलांची आई आजारी पडली तर मुले निदान सहा तास दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सुरक्षित असतात. माझी मुले दिवसभर माझ्याच उशाशी होती. यजमानांनी आठवडाभर रजा काढली, त्यानंतर मात्र आम्हाला बसून नीट वाटणी करावी लागली. गणित तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्याकडे गेले ते आजही त्यांच्याकडेच आहे. थोरली कुकर लावायला शिकली, तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून वाफ जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही हे तिने धाकट्यालाही पढवले. शेजारच्या वहिनींनी तीन आठवडे रात्रीच्या पोळ्या पाठवल्या. सगळे एकटीने निभावण्याचा माझा हट्ट तेव्हा सुटला, आणि तो आधीच सुटायला हवा होता.

त्या दुखण्यातूनच मुलांचा एक अभ्यास सुरू झाला, जो आजही दर रविवारी चालतो. चिकनगुनिया आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी केली तर ती साखळी तुटते. महापालिकेचे लोक ज्याला कोरडा दिवस म्हणतात तो हाच. मुलांनी पहिल्याच रविवारी बाल्कनीतल्या मनीप्लँटच्या कुंडीखालची ताटली उचलली, तर तिच्यातल्या दोन बोटे पाण्यात बारा-पंधरा अळ्या होत्या. धाकट्याने त्या पांढऱ्या वाटीत घेतल्या. डोके खाली आणि शेपटीकडची बारीक नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून त्या उलट्या लटकत होत्या आणि वाटीवर सावली पडली की वळवळत तळाला जात होत्या. ती नळी श्वास घ्यायची आहे हे त्याला भिंगातून पाहून कळले. त्याने चित्र काढले, मग वाटी उन्हात फरशीवर उपडी केली आणि ताटली काथ्याने घासली, कारण एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात आणि कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून भागत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याबरोबर जो सल्ला दिला तो पाळणे आम्हाला शाळेत जाणाऱ्यांपेक्षा सोपे आहे, आणि आम्ही तो पाळत नव्हतो याचे मला वाईट वाटते. मुलांनी रोज दोनेक तास दिवसाच्या उजेडात घराबाहेर असावे, कारण तेवढ्या उजेडात राहणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी दिसते. तैवानमध्ये २०१० पासून शाळांतून मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा कार्यक्रम राबवला गेला तो यासाठीच. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण खोलीतला उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे माप) असतो आणि बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो कित्येक हजार असतो. लागलेला नंबर त्याने जात नाही, पण धाकट्याला अजून चष्मा नाही आणि तो जितका उशिरा लागेल तितका बरा, कारण लवकर लागलेला नंबर वाढत जायला वर्षे अधिक मिळतात. आता आमचे वाचन सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत होते.

या सगळ्यासाठी मी एक दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर लसींच्या तारखा, पुढे डोळे आणि दात यांच्या तपासण्या, आणि मागच्या बाजूने उंची-वजन. उंची दर तीन महिन्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडतो. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर वही आडवी. वयाच्या पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. धाकटा गेल्या वर्षी साडेपाच वाढला. थोरलीची उंची आता झपाट्याने वाढू लागली आहे, त्यामुळे पाळीबद्दल मी तिच्याशी बोलले आहे आणि तिच्या कप्प्यात पॅडचे एक पाकीट ठेवले आहे. शाळेत हे तिला मैत्रिणींकडून अर्धवट कळले असते. घरी ते माझ्याकडून वेळेवर कळावे, एवढी काळजी मला घ्यावी लागली.

आमच्यासारखी आठ-नऊ कुटुंबे दर शुक्रवारी एका बागेत जमतात. मुले खेळतात आणि आम्ही आया बोलत बसतो. तिथे ताप असलेल्या मुलाला आणायचे नाही, औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तरच यायचे, आणि कांजिण्या निघाल्या तर सगळ्या खपल्या धरेपर्यंत घरी राहायचे, हे नियम आम्ही ठरवले आहेत. डोक्यात उवा निघाल्या तर लपवायचे नाही, लगेच सगळ्यांना कळवायचे, हेही त्यातच येते. बसथांब्यावरची हकीगत मी तिथे सांगितली, तेव्हा पाच जणींनी मुलांचे डोळे कधीच तपासलेले नाहीत असे सांगितले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही डोळे तपासायचा तक्ता बागेतल्या चिंचेच्या खोडाला टाचला, मोजपट्टीने सहा मीटर मोजून तिथे विटेचा तुकडा ठेवला आणि मुलांना एकेक करून उभे केले. एका वेळी एकच डोळा उघडा ठेवायचा, दुसरा तळहाताने झाकायचा, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा कमजोर डोळ्याची उणीव झाकतो आणि आळशी डोळा वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. त्याचे उपचार सातव्या-आठव्या वर्षाच्या आत सुरू झाले तर सर्वात चांगले लागू पडतात. तपासणी डॉक्टरांनीच करायची, पण कुणाला लगेच पाठवायचे ते या तक्त्यावरून कळते. एका सहा वर्षांच्या मुलाने उजवा डोळा झाकून सगळ्या ओळी भराभर वाचल्या. मग त्याला डावा झाकायला सांगितला, तर तो डोके वळवून बोटांच्या फटीतून पाहू लागला. त्याच्या आईला वाटले तो खट्याळपणा करतो आहे. माझ्या थोरलीने पुढे होऊन त्याचा हात हलकेच नीट धरला आणि त्याला सर्वांत वरचे मोठे अक्षर विचारले. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तिथे कागदच नाही."

सोमवारची वेळ आम्ही बागेतूनच फोन करून घेतली.